खाली ठेवलेला फिंजान

सौदीतल्या हुफूफच्या खजूरबागेतल्या अबू मिशारींच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, हुसेनमियाँ एकतीस वर्षं उभे होते. उभे म्हणजे अक्षरशः उभे. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजणारा माणूस बसत नाही. डाव्या हातात लांब चोचीची पितळी दल्ला, उजव्या हातात एकात एक रचलेले चार-पाच बिनकानाचे पेले, ज्यांना तिथे फिंजान म्हणतात, आणि नजर पाहुण्यांच्या मनगटांवर. पाहुण्याने रिकामा फिंजान हलवून परत दिला की त्याला पुरे झालं. न हलवता नुसता पुढे केला की अजून हवा. तोंडाने कोणी काही मागायचं नाही आणि कोणी काही नाकारायचं नाही. एकतीस वर्षांत हुसेनमियाँनी माणसांची तोंडं कमी आणि मनगटं जास्त पाहिली, असं म्हटलं तरी चालेल.

हे काही त्यांच्या व्हिसावर लिहिलेलं काम नव्हतं. ते आले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, म्हसळ्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून, शेतमजूर म्हणून. गावात नारळ पाडायला त्यांच्याइतका चपळ दुसरा कोणी नव्हता, आणि त्यामुळे डोक्यात वारं गेलं होतं. झाड ते झाड, नारळ काय आणि खजूर काय, अशा तोऱ्यात ते पहिल्या हंगामात दोराशिवाय खजुरीवर चढले. खजुरीच्या काट्यांना कोकणातल्या माणसाचा तोरा ठाऊक नसतो. मियाँ खाली आले ते पाय मोडूनच.

पाय प्लॅस्टरमध्ये असताना एक गोष्ट घडली आणि ती त्यांना जन्मभर पुरली. अबू मिशारी त्यांचे कफील. कफील म्हणजे मालक, ज्याच्या नावावर आपला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असतो तो. कफीलबद्दल गावातल्या परतलेल्यांनी जे जे सांगितलं होतं ते ऐकून मियाँनी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. आणि तो कफील रोज असरच्या नमाजनंतर गहव्याचा थर्मास घेऊन दवाखान्यात यायचा, खाटेशेजारी बसायचा, स्वतःच्या हाताने ओतून द्यायचा. सव्वा महिना. हुसेनमियाँना तेव्हा अरबीचे वीस शब्द येत होते. ते वीसही संपले, तरी माणूस उठेना. झाडाखाली पडलेला मजूर त्याच्या घरचा पाहुणा झाला होता, आणि आजारी पाहुण्याला एकटं ठेवायचं नसतं, इतकं साधं त्याचं गणित होतं. त्या खाटेवर मियाँच्या मनात अबू मिशारींबद्दल जी भीड बसली, ती मग कधी उठलीच नाही.

पाय बरा झाला, पण झाड सुटलं. तेव्हा त्यांना मजलिसीत उभं केलं गेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी जो पराक्रम केला तो बागेत अजून सांगतात. रियाधहून कोणी मोठे काझी आले होते. मियाँनी विचार केला, एवढा मोठा माणूस, याला तळाशी चार थेंब काय द्यायचे. कोकणात अर्धा कप चहा पुढे केला तर पाहुणा घरी जाऊन आपल्या चिंगूसपणाच्या गोष्टी सांगतो. त्यांनी फिंजान काठोकाठ भरला. मजलिस चिडीचूप. तिथे काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे 'एवढं प्या आणि चालते व्हा'. काझी उठण्याच्या बेतात होते. अबू मिशारींनी पुढे होऊन तो फिंजान त्यांच्या हातातून घेतला, तसाच उकळता पिऊन टाकला आणि म्हणाले, "या मुलाने मला पाहुणा समजून माझ्याच घरातून घालवलं. आता मी जाऊ कुठे?" सगळे हसले, काझीसुद्धा. जीभ भाजली होती ती फक्त अबू मिशारींची, आणि त्यांनी ते पुढे चार दिवस कोणाला कळू दिलं नाही.

अशा माणसापुढे काही मागायचं म्हणजे जीभ कशी रेटणार?

आणि मागायचं तर होतं. गेल्या तीन वर्षांपासून मागायचं होतं. अबू मिशारी आता चौऱ्याऐंशीचे, डोळ्यांपुढे नुसते उजेडाचे आणि सावलीचे डाग. आणि हुसेनमियाँना घरी जायचं होतं. दोन महिन्यांच्या रजेवर नव्हे, कायमचं.

गावी त्यांची बायको होती, सुरैया. दर दोन वर्षांनी दोन महिने, या हिशोबाने एकतीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको अडीच वर्षं एका छपराखाली राहिले होते. मुलगी इक्रा लग्न होऊन पनवेलला गेली, सासूबाई गेल्या, आणि चार खोल्यांच्या घरात सुरैया एकटी उरली. मागच्या शुक्रवारी फोनवर ती नेहमीसारखी रडली नाही, भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "चारातल्या तीन खोल्या मी उघडतच नाय आता. कोणासाठी उघडू? नवरा नको मला या वयात, सोबत हवी. या रमजानला येताव तर या. नाय तर मी घराला कुलूप घालून इक्राकडे जाते. मग आलात तरी शेजाऱ्यांकडून चावी घ्यायला लागेल."

रमजानला दीड महिना राहिला होता. भांडणाऱ्या सुरैयाला कसं समजवायचं ते मियाँना ठाऊक होतं. शांत सुरैयाला ते घाबरले.

तसा त्यांनी तीनदा प्रयत्न केला होता. पण तिथल्या सलाम-दुव्याची रीत अशी की तीच आडवी यायची. सकाळी मियाँ समोर गेले की अबू मिशारी सुरू करायचे. कसा आहेस? तब्येत कशी? झोप लागली? घरचे कसे आहेत? मुलगी कशी? नातू कसा? गावचा पाऊस कसा? खबर काय? एकामागून एक दहा-बारा प्रश्न, आणि प्रत्येकाला उत्तर एकच, अल्हम्दुलिल्लाह. घर गळत असलं तरी अल्हम्दुलिल्लाह. हे विचारणं खोटं नव्हतं बरं का. म्हातारा मनापासून विचारायचा. पण दारातच कोणी आपलं रडगाणं लावत नाही, आधी देवाचे आभार मानतात, आणि बारा वेळा देवाचे आभार मानून झाल्यावर तेराव्या वाक्याला 'पण मला घरी जायचंय' कसं म्हणणार? तिन्ही वेळा मियाँनी शेवटी दल्ला उचलली आणि गहवा ओतला.

जानेवारीतल्या त्या शनिवारी अबू मिशारींचा थोरला मुलगा मिशारी रियाधहून पाहुणे घेऊन आला. मिशारी तिथे बँकेत मोठा अधिकारी. त्याच्या खात्यातला एक भारतीय माणूस आणि त्याची बायको, दोघांना बाग दाखवायला आणली होती. बायकोला मिशारीच्या बहिणी जनानखान्याच्या दाराने आत घेऊन गेल्या. पुरुष मजलिसीत आला. पन्नाशीचा, चष्मेवाला, हातात रियाधच्या मिठाईचा डबा, आणि दारात सँडल काढताना एका पायावर डगमगणारा.

तो आत आला तशी मजलिस उठली. शेजारच्या बागांचे पाच म्हातारे उठले आणि काठीवर भार टाकत अबू मिशारीही उठले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आपल्यासाठी उठतोय हे पाहून पाहुणा इतका कासावीस झाला की पाठ करून आणलेला सलाम राहिला बाजूला आणि तोंडातून निघालं, "अहो, बसा बसा, उठू नका!"

हुसेनमियाँच्या हातातले फिंजान एकमेकांवर वाजले.

"तुम्ही मराठी?" त्यांनी विचारलं. मजलिसीत उभं असताना पाहुण्याशी आपणहून बोलायचं नसतं, हे एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते विसरले.

"सदानंद," पाहुणा म्हणाला, आणि परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला. "मूळचा साताऱ्याचा. तुम्ही?"

"म्हसळ्याकडचा ओ. खाडीपल्याड."

मिशारीला ते फार आवडलं. "झालं तर मग. हुसेन तुमचा दुभाषा," असं इंग्रजीत सांगून तो कोकरू कुठवर शिजलंय ते पाहायला मागच्या अंगणात गेला.

सदानंदला अबू मिशारींच्या उजव्या हाताला बसवलं. बारा प्रश्न झाले. मियाँनी बाराही मराठीत केले. सदानंद पहिल्या प्रश्नाला रियाधमधल्या ट्रॅफिकची हकीकत सांगू लागला, तेव्हा मियाँनी हळूच सांगितलं, "सगळ्याला अल्हम्दुलिल्लाह म्हणा. पुरतं." मग खजुराचं पितळी ताट आलं. मियाँनी रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः उभ्याने घेऊन गहवा चाखला, आणि दुसरा फिंजान सदानंदला दिला. पिवळसर, वेलदोड्याचा वास, तळाशी जेमतेम तीन घोट.

आता सदानंद हा चांगल्या घरातला मुलगा. पंगतीत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही, हे आईने पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. यजमानाच्या हातात अजून काही नाही, पलीकडचे म्हातारेही रिकामे, आणि आपणच कसे प्यायला बसणार? त्याने ओठाला न लावताच फिंजान समोरच्या खजुराच्या ताटाच्या काठावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि सगळ्यांकडे पाहून नम्रपणे हसला.

टक्, असा बारीक आवाज झाला. तेवढ्याने मजलिस थांबली. एका म्हाताऱ्याचा जपमाळेवरचा अंगठा जिथल्या तिथे राहिला. अबू मिशारींना दिसत नव्हतं, पण त्यांनी मान त्या आवाजाकडे वळवली.

 तो आवाज हुसेनमियाँनी त्या घरात या आधी एकदाच ऐकला होता, आणि तो चौदा वेळा ऐकला होता.

वीस वर्षं झाली असतील. अबू मिशारींचा धाकटा मुलगा मोटारीच्या अपघातात गेला, समोरून येणाऱ्या एका पोराच्या भरधाव गाडीखाली. महिन्याभराने त्या पोराच्या घराण्यातली चौदा माणसं, त्याच्यासाठी माफी मागायला, या मजलिसीत आली. मियाँनी त्यांना गहवा दिला. एकानेही ओठाला लावला नाही. प्रत्येकाने आपला फिंजान समोरच्या पितळी ताटाच्या काठावर ठेवला आणि मान खाली घातली. तिथली रीतच अशी आहे. ज्याला यजमानाकडे फार मोठं काही मागायचं असतं, तो गहवा घेतो पण पीत नाही, पुढ्यात ठेवतो. मग यजमानाने त्याला 'पी' म्हणायचं की नाही, ते यजमानाने ठरवायचं. 'पी' म्हटलं की मागणं मान्य झालं, मागणं काय आहे ते ऐकायच्याही आधी. त्या दिवशी चौदा फिंजान थंड झाले. वाफ गेली, वर साय धरल्यासारखी झाली. अबू मिशारी त्या चौदा फिंजानांकडे इतका वेळ पाहत राहिले की मियाँना वाटलं आपला हात दल्लेसकट खांद्यातून गळून पडेल. मग ते म्हणाले, "प्या." त्यातला सर्वांत म्हातारा माणूस रडत रडत प्यायला. हुसेनमियाँनी मशिदीत, दर्ग्यावर, हजला, सगळीकडे माणसांना देवापुढे वाकताना पाहिलं होतं. पण एक माणूस स्वतःच्या छातीवर पाय देऊन उभा राहतो तो कसा दिसतो, हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं, आणि त्यानंतर त्या मजलिसीच्या गालिच्यावर पाऊल टाकताना त्यांचं पाऊल आपोआप हलकं पडायला लागलं.

आणि आता साताऱ्याचे सदानंदराव पंगतीची शिस्त पाळून बसले होते.

"पी," अबू मिशारी अरबीत म्हणाले. आवाजात घाई नव्हती. "तू माझ्या घरी पहिल्यांदा आलास. ज्यासाठी ठेवलास ते झालं असं समज."

"काय म्हणतायत?" सदानंदने विचारलं.

 सदानंदला अरबी येत नव्हती. अबू मिशारींना मराठी येत नव्हती. मधली सगळी वाट एकट्या मियाँच्या जिभेवरून जात होती. आणि शब्द तर देऊनही झाला होता. 'पाहुणा म्हणतो, या हुसेनला कायमचा घरी पाठवा.' एवढंच म्हणायचं. दुसऱ्यासाठी शब्द टाकणं हे तर तिथे मोठेपणाचंच मानतात. कोणी संशय घेतला नसता, सदानंदला कळलं नसतं, मिशारी कोकराजवळ होता. सुरैयाच्या तीन खोल्या त्या एका वाक्याने उघडत होत्या.

वाक्य ओठांपर्यंत आलं. पण त्याच जागी ठेवलेले चौदा फिंजान मियाँनी पाहिले होते. त्या घरात फिंजान खोटा ठेवत नाहीत. तसं कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती.

"अबू मिशारी," ते म्हणाले, "पाहुण्याला रीत ठाऊक नाही. त्यांच्यात सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी सुरुवात करत नाही. ते तुमच्यासाठी थांबलेत."

शेजारचे म्हातारे हसले आणि एकाने 'माशाअल्लाह' म्हणून त्या पंगतीच्या रीतीला दादही दिली. अबू मिशारी हसले नाहीत. "रीत चांगली आहे," ते म्हणाले. "पण माझा शब्द तोंडातून गेला. तो परत घ्यायला मी काय उधार दिला होता? त्याला सांग, काहीतरी माग."

मियाँनी सदानंदला सगळं समजावलं. सदानंद आधी ओशाळला, मग घाबरला, मग विचारात पडला.

"खजूर मागा ओ दोन किलो," मियाँ कुजबुजले. "इथला खलास जातीचा खजूर नामी असतो. मागा आणि मोकळे व्हा."

"नाही," सदानंद म्हणाला. "मघापासून एक गोष्ट मला खटकतेय. आपण सगळे बसलोय आणि तुम्ही एकटे उभे. तुम्ही माझ्याहून मोठे आहात. त्यांना सांगा, यांनी आमच्यासोबत बसून एक फिंजान घ्यावा. एवढंच हवंय मला."

"ते नका मागू."

"का? चालत नाही का?"

चालतं की नाही हे हुसेनमियाँना ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षांत तो प्रश्न कोणी काढला नव्हता. आणि स्वतःबद्दलचं हे मागणं स्वतःच्याच तोंडाने कसं सांगायचं? मघाशी खोटं वाक्य ओठांपर्यंत सहज आलं होतं. हे खरं वाक्य पुढे सरकेना. तीनदा खाकरून, जमिनीकडे पाहत त्यांनी ते सांगितलं.

 अबू मिशारींनी हात पुढे केला. "दल्ला दे."

म्हातारा काठी न घेता उठला. डाव्या हातात दल्ला, उजव्यात फिंजान. शेजारच्या एका म्हाताऱ्याने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला. हुसेनमियाँना सदानंदच्या शेजारी, गालिच्यावर, लोडाला टेकून बसावं लागलं. मिशारी नेमका तेव्हा दारात आला आणि तिथेच थबकला. आपल्या वडिलांना उभं राहून गहवा ओतताना त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, पाहुणा मंत्री असला तरी. अबू मिशारींनी फिंजानच्या काठावर बोटाचं टोक ठेवलं, म्हणजे किती भरला ते कळावं. धार थरथरत आली, थोडी मनगटावर सांडली, पण फिंजानमध्ये तीन घोटच पडले, ना कमी ना जास्त. तो त्यांनी उजव्या हाताने, किंचित वाकून, हुसेनमियाँपुढे धरला.

"हय्याकल्लाह, या अबू इक्रा," ते म्हणाले. अल्लाह तुला आयुष्य देवो, इक्राच्या बापा.

सदानंदला यातलं काही कळत नव्हतं, तरी तो लोड सोडून सरळ बसला. मियाँनी फिंजान घेतला. बसल्यावर ती मजलिस किती मोठी दिसते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. छत वर गेलं होतं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि तेही कोणाच्या मनगटाकडे न पाहता तोंडांकडे पाहत होते. असा क्षण माणसाला पुन्हा मिळत नाही. पिऊन टाकावा आणि जन्मभर मिरवावा. मियाँनी फिंजान ओठांजवळ नेला, आणि सुरैयाचा तो शांत आवाज आठवला.

त्यांनी फिंजान ताटाच्या काठावर ठेवला.

टक्.

या वेळी कोणी हसलं नाही. हा माणूस रीत जाणत नाही असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं. अबू मिशारी दल्ला घेऊन तसेच उभे होते. मिशारीने जवळ येऊन त्यांचा हात धरला, त्यांना खाली बसवलं.

"पी, हुसेन," ते म्हणाले. "झालं."

"अजून मी सांगितलं नाही."

"आधी पी. मग सांग."

हुसेनमियाँ प्यायले. एकतीस वर्षं स्वतःच भाजून, कुटून, उकळलेला गहवा त्यांना त्या दिवशी कसा लागला हे त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. मग ते बोलले. बारा प्रश्न नव्हते, बारा अल्हम्दुलिल्लाह नव्हते. "मला घरी जायचंय. कायमचं. रमजानच्या आधी. घरचं माणूस एकटं आहे."



"रमजानचा चांद तू तुझ्या घरी बघशील," अबू मिशारी म्हणाले. "मिशारी, उद्या त्याच्या कागदांचं बघ." आणि मग, जरा वेळाने, "मला तीन वर्षं ठाऊक आहे."

हुसेनमियाँनी मान वर केली.

"तू अंगणात फोनवर बोलतोस. मला तुझी बोली कळत नाही, पण आवाज कळतो. मी आंधळा झालोय, बहिरा नाही. मी स्वतःला सांगायचो, घरातल्या माणसाला 'जा' म्हणायची आमच्यात रीत नाही. तो मागेल तेव्हा देऊ. रीत खरीच आहे. पण मी तिच्याआड लपलो. तुझ्या हातचा गहवा मला सोडवत नव्हता, हे खरं." त्यांनी हात पुढे केला. "आता मला एक दे. उठू नकोस, बसूनच दे."

मियाँनी बसल्या बसल्या ओतला. म्हाताऱ्याने फिंजान हातात घेतला, त्याची ऊब बोटांनी चाचपली. आणि तो ओठाकडे न नेता, हळूच, हुसेनमियाँच्या गुडघ्यापुढे गालिच्यावर ठेवला.

"बाबा," मिशारी पुढे झाला. म्हाताऱ्यांपैकी एकाने त्याला हाताने थांबवलं. कफील आपल्या गहवा पाजणाऱ्यापुढे फिंजान ठेवतो, हे त्या बागेत कोणी कधी ऐकलं नव्हतं. आणि आता 'पी' म्हणायचं ते हुसेनमियाँनी, मागणं ऐकायच्या आधी.  आपण कोण, आपल्याकडे असं आहे काय, जे या माणसाला हवंय?

"घ्या, अबू मिशारी," ते कसेबसे म्हणाले. "झालं."

"मला माफ कर. एकतीस वर्षांत माझ्याकडून तुझं जे काही दुखलं, मला ठाऊक असलेलं आणि नसलेलं. ती तीन वर्षं धरून."

शब्द आधीच गेला होता. आणि तसा मागे घ्यायचाही नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण हुसेनमियाँ खरं बोलायच्या वाटेला लागले होते, आता त्यांना थांबवेना. "माझ्या वाट्याचं माफ," ते म्हणाले. "एकतीसच्या एकतीस. पण त्या तीन वर्षांतली निम्मी माझी नाहीत. ती जिची आहेत तिला विचारायला लागेल."

अबू मिशारींनी मान डोलावली. दुसऱ्याच्या घरच्या बाईविषयी चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून त्यांनी एवढंच म्हटलं, "मी थांबतो." आणि हात मांडीवर घेऊन, समोरचा फिंजान तसाच ठेवून, ते बसून राहिले. सदानंद बसला होता तसेच.

हुसेनमियाँ अंगणात गेले. खजुरींच्या सावल्या लांबल्या होत्या. गावी आता दिवेलागण झाली असेल. सुरैयाने तिसऱ्या घंटीला फोन उचलला. मियाँनी सगळं सांगितलं, फिंजानचं, शब्दाचं, रमजानचं, आणि म्हातारा आत न पिता बसलाय तेही. पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. मग ती बोलली.

ते परत आले तेव्हा मजलिसीत कोणी हललं नव्हतं. ते अबू मिशारींसमोर बसले. तिचं बोलणं गोड करून सांगावं असा मोह त्यांना झाला, क्षणभर. पण त्यांनी जसंच्या तसं अरबीत केलं.

"म्हणते, माफीचं मी घरी पोचल्यावर बघू, इतक्यात नाही. पण म्हाताऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये. प्या म्हणावं, थंड होतंय."

अबू मिशारींनी चाचपत फिंजान उचलला आणि प्यायला.